पाच मिलिग्रॅमची चिठ्ठी

"काका, फॉलिक ॲसिड मला चालत नाही. मिथाइलफोलेट द्या." असं म्हणून तिनं दोन न फोडलेल्या पट्ट्या परत काउंटरवर ठेवल्या.

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं मेडिकल आहे. तिच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या या गोळ्या मीच दिल्या होत्या, म्हणून लक्षात होतं. फॉलिक ॲसिड म्हणजे फोलेट या जीवनसत्त्वाचं गोळीतलं रूप, आणि मिथाइलफोलेट हे त्याचंच शरीरात बनणारं रूप. बाळाच्या मेंदू-मणक्यात दोष येऊ नये म्हणून दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड देतात, आणि साधारणपणे रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. तरुण मुलीच्या चिठ्ठीवर पाच मिलिग्रॅम दिसलं, की बहुतेक वेळा मागे काहीतरी घडून गेलेलं असतं. हिच्या बाबतीत पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचा मणका उघडा दिसला होता.

आता तिच्या मोबाइलवर लाळेच्या जीन-तपासणीचा भलामोठा अहवाल होता. फोलेटच्या वापराशी संबंधित एमटीएचएफआर जीनच्या दोन्ही प्रतींत सी६७७टी नावाचा बदल, सबब फॉलिक ॲसिड टाळा. पुढच्याच पानावर त्यांच्याच कॅप्सूलची जाहिरात. घाबरलेल्या बाईला असा सल्ला परस्पर पाठवणाऱ्यांची मला चीड येते.

दुकान रिकामं होतं. बिलाच्या मागच्या बाजूला मी तिला सगळा रस्ता काढून दाखवला. गोळीतलं फॉलिक ॲसिड जसंच्या तसं कामाला येत नाही. डीएचएफआर नावाचं एन्झाइम त्याचं आधी डायहायड्रोफोलेट आणि मग टेट्राहायड्रोफोलेट करतं. पेशीत नवा डीएनए तयार व्हायला लागणारी रूपं इथूनच निघतात. एमटीएचएफआर जीनवरून बनणाऱ्या एन्झाइमचं काम त्याच्या पुढचं, मिथाइलफोलेट बनवण्याचं. दोन्ही प्रतींत बदल असला की हे एन्झाइम मंदावतं, बंद पडत नाही. सारखंच फॉलिक ॲसिड घेतलं तर अशा लोकांच्या रक्तातलं फोलेट इतरांपेक्षा सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास कमी भरतं, एवढाच फरक. म्हणजे 'चालत नाही' हे खरं नाही.

मिथाइलफोलेट वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्यानंही रक्तातलं फोलेट चांगलं वाढतं. पण आधी असं बाळ झालेल्या बायकांवर जी मोठी चाचणी झाली, जिचा निकाल १९९१ मध्ये आला, तिच्यात रोज चार मिलिग्रॅम फॉलिक ॲसिडच होतं. पुन्हा तोच दोष येण्याचं प्रमाण त्यानं ७२ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे पाचची गोळी सहज मिळते, म्हणून डॉक्टर पाच लिहितात. मिथाइलफोलेटची अशी चाचणी झालेली नाही. शिवाय तिला हवी असलेली कॅप्सूल एका मिलिग्रॅमची. गर्भाच्या ज्या नळीतून मेंदू आणि मणक्यातली मज्जा बनते, ती गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते, पाळी चुकल्याचं कळेपर्यंत त्यातला निम्मा काळ सरलेला असतो. प्रयोग करायला तिच्याकडे सवड नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या अहवालात कुठेच नव्हती. मिथाइलफोलेट आपला मिथाइल गट (रेणूचा एक छोटा तुकडा) होमोसिस्टीन या अमिनो आम्लाला देतं, तेव्हा मध्ये बी-१२ जीवनसत्त्व लागतं. बी-१२ कमी असेल तर फोलेट मिथाइलच्या रूपातच अडकून पडतं, मग ते पेशीत बनलेलं असो की महागड्या डबीतून आलेलं. घरात दूध-दह्याशिवाय प्राणिजन्य काही नाही, असं ती म्हणाली. बी-१२ तपासलंय का विचारलं, तर नाही.

तिच्यासमोरच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी पाचची गोळी चालूच ठेवायला सांगितली, बी-१२ची तपासणी लिहून दिली आणि जरा दुखावल्या आवाजात म्हणाल्या, "मला तिनं हे विचारलंच नाही." बाई हुशार आहेत, पण त्यांच्या ओपीडीत बाहेर एवढी माणसं ताटकळत असतात, की प्रश्न विचारायला धीर कोणाला होणार? पाच मिलिग्रॅम का, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. कंपनीनं निदान समजावल्यासारखं तरी केलं.

पट्ट्या पर्समध्ये टाकताना तिनं विचारलं, "म्हणजे मागच्या वेळी माझ्या जीनमुळे झालं का, काका?" या बदलानं धोका थोडा वाढतो, पण हाच बदल असलेल्या असंख्य बायकांना धडधाकट मुलं होतात, एका जीनवर बोट ठेवता येत नाही, असं मी सांगितलं. माहिती बरोबर होती. पण सगळं समजावून झाल्यावर शेवटी हा प्रश्न आला, आणि ती मुळात हेच विचारायला आली होती असं मला राहून राहून वाटतं. तिचं समाधान झालं की नाही, तेवढं तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.