एप्रिलनंतर ऑगस्ट

दुपारी डबा धुऊन जागेवर येऊन बसले, तर स्क्रीनवरच्या विक्रीच्या चार्टात एप्रिलनंतर ऑगस्ट आलेला. मग डिसेंबर, मग फेब्रुवारी. आमचं आर्थिक वर्ष एप्रिलपासूनचं. त्यामुळे पहिला महिना साळसूदपणे आपल्या जागी, आणि सकाळपासून माझ्या काही लक्षातच आलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांच्या रांगेत एप्रिल पहिला येतो, एवढंच. चूक माझीच. महिन्यांच्या नावांना क्रमांकाचा कॉलम जोडून 'याप्रमाणे लाव' असं सांगायचं राहिलं होतं.

सध्या ऑफिसातले सगळे रिपोर्ट टॅब्लो या चार्ट काढायच्या सॉफ्टवेअरमधून पॉवर बीआय या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं काम चालू आहे. न्यायचं कसलं! आकडे तेवढे येतात. चार्ट जुना समोर ठेवून नव्याने काढावा लागतो. टॅब्लो म्हटलं की मला अजून शाळेचं गॅदरिंगच आठवतं. श्वास रोखून उभी भारतमाता, आणि तिच्या पायाशी सिंह झालेला, नाक खाजत असलेला आमच्या वर्गातला मुलगा. पडदा पडेपर्यंत हलायचं नाही. तसाच तो जुना चार्ट दुसऱ्या मॉनिटरवर निमूट उभा असतो आणि त्याचा निळा नेमका कुठला निळा, हे मी डोळे बारीक करून बघत बसते.

महिने लावले, निळा जुळवला. मग रेघेकडे बघितलं. जुन्या चार्टात विक्री कशी संथ, जेवून शतपावली घालणारी. नव्यात तिला एकदम डोंगरदऱ्या फुटलेल्या. आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. तेच होते. फरक तळाशी होता. टॅब्लो आपणहून अक्ष शून्यापासून धरतो. पॉवर बीआय रेघेच्या चार्टात बहुतेकदा आकड्यांच्या जवळपासून सुरुवात करतो. आमच्या गणिताच्या बाईंनी वहीच परत केली असती. उजव्या कोपऱ्यात 'प्रमाण : य-अक्षावर १ सेमी = १० एकके' हवंच, आणि अक्ष तोडला असेल तर मुळाशी ती छोटी नागमोडी खूण. नाहीतर अर्धा गुण गेला.

बाबांना मात्र या शून्याचं कधीच कौतुक नव्हतं. ते पाटबंधारे खात्यात, कोयनेवर. पावसाळ्यात धरणाच्या पातळीचा आलेख घरी कॉटवर पसरून काढायचे. पातळी समुद्रसपाटीपासूनची, धरण भरलं की ६५९ मीटरच्या आसपास. मी बाईंची शिकवण घेऊन विचारलं, "शून्यापासून का नाही काढत?" तर मान वर न करता म्हणाले, "अगं, शून्यावर समुद्र आहे. आपल्याला समुद्र मोजायचाय का?"

दर जूनला ते नवा आलेखकागद आणायचे. गेल्या सालची रेघ त्यावर पेन्सिलीने फिकट उतरवायची, यंदाची शाईने चढवत न्यायची. २००५ ची मात्र दरवर्षी लाल. ते सांगलीच्या पुराचं साल. निवृत्त झाल्यावरही ते पेपरातली पातळी बघून कागद भरत राहिले. आईने पुढे त्यातले बरेचसे स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरले. हरभऱ्याच्या डाळीचा डबा उचलला की खाली तो लाल जुलै अजून चढत असतो.

शेवटी मी अक्षाच्या सेटिंगमध्ये किमान शून्य टाकलं. डोंगर गेले, विक्री पुन्हा शतपावलीला लागली. साहेब येऊन उभे राहिले. एकदा या मॉनिटरकडे बघितलं, एकदा त्या.

"सेम टू सेम," म्हणाले. "मग एवढे दिवस लागले कशाला?"

मी म्हटलं, "निळ्याला लागले, सर."