मशीद बंदरची नोंदवही आणि बोटीवर गेलेली माणसं

मशीद बंदर स्टेशनच्या पूर्वेला उतरलं, की हातगाड्या, हमाल आणि ट्रकमधून वाट काढत पी. डिमेलो रोड गाठायचा. पलीकडे गोदीचा इलाखा. याच रस्त्यावर इंडियन सेलर्स होम आहे. बोटीवरून उतरलेले आणि पुढच्या बोटीची वाट पाहणारे खलाशी इथे मुक्काम करत. दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांचं स्मारकही इथेच आहे. मुंबईत हयात काढलेल्या किती जणांना हे माहीत असेल?

आत जायला परवानगी घ्यावी लागते. पाहायला गर्दी नसते, त्यामुळे घाई करायचं कारण नाही.

पहिल्या महायुद्धातली 2,000 हून अधिक नावं आहेत. दुसऱ्यातली 6,000 हून अधिक, आणि ती एका नोंदवहीत आहेत. तशीच दुसरी वही आज बांगलादेशात असलेल्या चितगावला आहे, कारण ही माणसं मेली तेव्हा देश एकच होता. काही जण नौदलातले, बहुतेक व्यापारी बोटींवरचे. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही, अशांचीच ही नावं.

मी जाण्याआधी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर ही यादी बराच वेळ वाचत बसलो होतो. नाव, काम, बोट, तारीख. कामाच्या रकान्यात सारंग (खलाशांचा मुकादम), टिंडेल (त्याच्या हाताखालचा), भंडारी (स्वयंपाकी), टोपास (झाडूवाला). मग फायरमन आणि ट्रिमर, तेही पुन्हा पुन्हा. ट्रिमर म्हणजे कोठारातला कोळसा भट्टीपर्यंत ओढून आणणारा आणि फायरमन म्हणजे तो भट्टीत टाकणारा. चार-चार तासांची पाळी, आणि जागा बोटीच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली. टॉर्पेडो तिथेच बसला, की पाळीवरच्या माणसाला शिडी चढायलाही वेळ मिळत नसे. बोटीचं तेच नाव आणि तीच तारीख वेगवेगळ्या नावांसमोर दिसू लागली, की आपण एकेकट्या माणसाचं नाही, एका अख्ख्या पाळीचं मरण वाचतोय हे कळतं.

मुंबईहून भरती होणाऱ्या बोटींवर डेकवरची माणसं पुष्कळदा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची असत, त्यांत कोकणी मुसलमान बरेच. खानपानाच्या कामाला गोव्याचे ख्रिस्ती. एका सारंगाच्या हाताखाली एकाच गावातले, एकाच खाडीतले लोक लागत. म्हणजे एक बोट बुडाली, तर एका वाडीतल्या किती घरांत एकाच महिन्यात बातमी जात असेल, याचा हिशेब वाचकानेच करावा.

पगार गोऱ्या खलाशाच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या आसपास. 1939 च्या सप्टेंबरात युद्ध पेटलं, तेव्हा ठिकठिकाणच्या बंदरांत हिंदी खलाशांनी बोटींवर जायला नकार दिला. आधी पगार वाढवा, मग जीव धोक्यात घालू, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. अनेकांना तुरुंगात टाकलं. पण पगार वाढवावा लागला.

‘सिटी ऑफ बनारस’ची हकिगत मला सगळ्यांत जास्त लागली. 17 सप्टेंबर 1940 च्या रात्री अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने ती बुडवली. कॅनडाला सुरक्षित नेली जाणारी 90 मुलं तिच्यावर होती, त्यांतली 77 गेली. मुलांची कथा जगाला ठाऊक आहे, आणि ती ठाऊक असायलाच हवी. पण बोटीवरचे दीडशेहून अधिक खलाशी हिंदी होते, आणि उत्तरेच्या त्या थंडीत, वादळात त्यांतले शंभराच्या आसपास गेले. 12 नंबरची होडी आठ दिवस समुद्रात भरकटली. तिच्यात 46 जण होते आणि बहुतेक आपलेच खलाशी होते. बोटीवरच्या बुडालेल्या ब्रिटिश खलाशांची नावं लंडनला टॉवर हिलच्या स्मारकावर आहेत. हिंदी खलाशांची या वहीत.

देशावरच्या पुष्कळ गावांत शिळा दिसते: या गावातून इतके लढाईला गेले, इतके कामी आले. कोकणातल्या खाडीकाठच्या गावांना अशी शिळा क्वचितच लाभली. ‘ते पोटासाठी गेले होते, देशासाठी नाही’ असं कुणी म्हणतं, तेव्हा मला राग येतो. पलटणीतला शिपाईही पोटासाठीच भरती होत होता. त्याच्या अंगावर गणवेश होता, याच्या अंगावर कोळशाची काजळी, एवढाच फरक.

परतताना धोबीतलावला जेर महालपाशी थांबलो. तिथल्या गोवेकरांच्या कुडींत, म्हणजे गावागावाच्या सामायिक बिऱ्हाडांत, बोटीवरची माणसं आपल्या गावकऱ्यांबरोबर राहत. तो विषय मोठा आहे, वेगळं लिहीन.

घरात कुणी ‘बोटीवर होते, परत आले नाहीत’ असं ऐकलं असेल, तर आयोगाच्या यादीत शोधा. स्मारकाच्या जागी ‘बॉम्बे’ किंवा ‘चितगाव’ टाका. इंग्रजी कारकुनांनी आपली नावं जशी कानावर पडली तशी लिहिली आहेत, म्हणून एका नावाची चार-पाच स्पेलिंगं करून पाहा. आडनाव नसण्याचीही शक्यता आहे. मग बोटीचं नाव आणि साल आठवतंय का, ते घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.