गैरहजर कोण?

चर्चच्या मंडळीत एकी हवी, असं व्यासपीठावरून कुणी म्हणालं की मी आधी बघते, खाली मान घालून कोण बसलंय. त्या आवाहनामागे बरेचदा कुणाची तरी तक्रार दाबलेली असते. तो माणूस गप्प होतो, मागच्या बाकावर सरकतो आणि काही रविवारांनी दिसेनासा होतो. भांडण नाही, तंटा नाही, माणूसही नाही.

म्हणून मला बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय आवडतो. दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायातलं चित्र आपण सगळेच सांगतो: सगळे एकदिलाचे, सगळं समाईक, कुणाला काही उणं नाही. त्यानंतर थोड्याच पानांवर कुरकुर सुरू होते. रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची इब्री, म्हणजे तिथली भाषा बोलणाऱ्या यहूद्यांविरुद्ध तक्रार. म्हणजे यरुशलेमच्या अगदी पहिल्या मंडळीतसुद्धा ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ होतेच. बारा प्रेषितांनी कुणाला गप्प बसवलं नाही. सगळ्यांना बोलावलं आणि त्यांच्याकडूनच सात जण निवडून घेतले. स्तेफन, फिलिप्प यांच्यापासून अंत्युखियाच्या नीकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत, आणि नीकलाव तर जन्मानं यहूदीही नव्हता. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप सोपवलं गेलं. आमच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या बैठकीत मी हे वाचून दाखवलं, तेव्हा खजिनदारांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

माझं काम दारावरचं. गीतांची पुस्तकं द्यायची, उशिरा आलेल्याला जागा दाखवायची. किती जण आले ते मोजणारे वेगळे आहेत, वार्षिक अहवालाला तो आकडा लागतो. मी आले नाहीत त्यांची नावं वहीत लिहिते.

आमच्यातल्या एका काकांची पत्नी वारली. पहिल्या आठवड्यात त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. महिला मंडळ, तरुण संघ, पाळकसाहेब, सगळे येऊन गेले. डबे इतके आले की फ्रिजचं दार लागेना. दुसऱ्या महिन्यात तिकडे कुणी फिरकलं नाही. काका भक्तीला यायचे, पण दोघांचा ठरलेला बाक सोडून खांबाआड बसायचे आणि शेवटचं गीत सुरू झालं की आशीर्वादाच्या आधीच बाहेर पडायचे. ‘कसे आहात?’ला उत्तर द्यायला नको म्हणून. बाकीच्यांची पाठ दाराकडे असते, त्यामुळे हे फक्त मलाच दिसत होतं. मी आमच्या एका पंचांच्या कानावर घातलं. ते स्वतः विधुर. पुढच्या रविवारपासून ते खांबाआड काकांच्या शेजारी जाऊन बसू लागले. बोलणं फारसं नाही. गीताचं पुस्तक दोघांत एक. काही दिवसांनी काका आशीर्वादापर्यंत थांबू लागले.

आता अशा घरांसाठी आम्ही पाळ्या लावतो. पहिल्या आठवड्यात कुणाला सांगावं लागत नाही, लोक आपण होऊन येतात. वहीत तारखा असतात त्या पुढच्या: गेलेल्या माणसाचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला नाताळ. पेन्शनच्या कागदांसाठी सोबत कोण जाणार, तेही लिहिलेलं असतं.

यात आमचं डोकं फारसं नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्याला जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकानं रोमी सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली, त्यात रविवारच्या भक्तीचं वर्णन आहे. हजर असलेल्यांना भाकर आणि द्राक्षारस दिला की जे आले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, तो वाटा घेऊन जात. ज्यांची ऐपत होती ते स्वखुशीनं अर्पण देत, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके यांची सोय होई. गैरहजर कोण आणि ते राहतात कुठे, हे त्या डीकनांना ठाऊक असणारच.

एका छपराखाली जमूनही माणसं वेगळी राहू शकतात. ग्रीसमधल्या करिंथ शहरातली पहिल्या शतकातली मंडळी एकत्र जमायची, पण एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र. प्रेषित पौल त्यांना पत्रातून चांगलं फैलावर घेतो आणि शेवटी सांगतो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. उशिरा येणारे कामावरून सुटलेले गरीब आणि दास असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात. घड्याळाकडे बघून उशिरा आलेल्यांवर डोळे वटारणाऱ्यांना मी हा अध्याय सुचवते.

मला खरा राग येतो तो ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं’ या सुरुवातीचा. त्यापुढे कुणाच्या तरी घरातली गोष्ट येते, आणि प्रार्थना राहते बाजूला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूनं सांगितलेली पहिली पायरी साधी आहे: भावानं अपराध केला तर आधी तू एकटा जा, त्याच्याशी एकांतात बोल. ती पायरी गाळून आम्ही थेट व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचतो. तिथे जोडलेल्या हातांची रांग लागते आणि दवाखान्यात रात्री कोण थांबणार, या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

मदत घेणं काहींना फार जड जातं. आमच्या एक निवृत्त शिक्षिका अंथरुणाला खिळल्या आहेत. भेटायला गेलं की बाई म्हणायच्या, “माझ्यासाठी कशाला येता? मी काय उपयोगाची?” एकदा मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, बाई, यांना फोन करायला माणूस नाही. आता वहीतल्या नावांना त्या फोन करतात. उलटतपासणी शाळेतलीच: “दोन रविवार कुठे होतास?” जे अवयव दुर्बळ वाटतात तेच गरजेचे, असं पौल करिंथकरांना लिहितो. बाईंचा फोन आलेल्या कुणालाही विचारा.

सध्या आमच्याकडे भक्तीच्या वेळेवरून दोन तट पडलेत. फिलिप्पैच्या मंडळीतल्या युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं काय बिनसलं होतं, ते पौल लिहीत नाही. कोण बरोबर, तेही सांगत नाही. दोघींनाही नाव घेऊन विनंती करतो आणि यांना साहाय्य कर, असं तिथल्या एका सहकाऱ्याला सांगतो. आमचा वेळेचा प्रश्न पुढच्या सभेत पुन्हा निघणार आहे, आणि आवाज चढणार हेही नक्की. दोन्ही बाजूंचे मुख्य वक्ते या महिन्यात एकाच आजोबांच्या डायलिसिसच्या पाळीवर आहेत. एकानं न्यायचं, दुसऱ्यानं आणायचं. पाळ्या मीच लावते.