वांगावर ज्येष्ठमध लावू का?

“सर, वांगावर ज्येष्ठमधाची पूड दुधात कालवून लावू का? झाडपाल्याचंच आहे, नुकसान तर नाही ना?” फार्मसीच्या मुलांना वनस्पतिजन्य औषधं शिकवतो, त्यामुळे लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न येतोच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

ज्येष्ठमधात दम आहे. त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं एंझाइम लागतं आणि या मुळातलं ग्लॅब्रिडिन नेमकं त्यालाच अडवतं. पण ग्लॅब्रिडिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. दुधात, गुलाबपाण्यात उतरतं ते मुख्यतः ग्लिसरायझिन, म्हणजे ज्येष्ठमधाची गोडी. म्हणून क्रीमसाठी वेगळ्या द्रावकात अर्क काढून त्यातलं ग्लॅब्रिडिन मोजतात. घरच्या लेपाने चेहरा मऊ लागेल. वांग हटेल अशी आशा मी ठेवणार नाही.

राहिला नुकसानीचा प्रश्न. जपानच्या कानेबो कंपनीने गोरेपणाच्या क्रीममध्ये रोडोडेनॉल वापरलं. भूर्जवर्गातल्या झाडांच्या सालीतही सापडणारा हा रेणू, तिथल्या सरकारने २००८ साली मंजूर केलेला. कामही तेच, टायरोसिनेजला गुंतवून ठेवायचं. पण त्या एंझाइमनेच त्याचं विषारी क्विनोन केलं, रंगपेशीच मेल्या आणि हजारो बायकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर कोडासारखे पांढरे चट्टे उठले. जुलै २०१३ मध्ये कंपनीने माल परत मागवला. क्रीम थांबवल्यावर अनेकींचा रंग परत आला, सगळ्यांचा नाही. रेणू झाडातून आला की कारखान्यातून, हे गोत्र पेशी विचारत नाही. बेअरबेरी या झुडपाच्या पानातलं अर्ब्युटिन घ्या: ते साखर जोडलेलं हायड्रोक्विनोनच आहे, म्हणजे डाग फिके करायच्या क्रीममधलं रसायन.

आणि लिंबू? अजिबात नको. त्यातल्या, विशेषतः सालीतल्या, फ्युरोकुमारिन नावाच्या द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि मागे आधीपेक्षा काळे डाग राहतात. डाग घालवायला निघालेल्या बाईने हे ओढवून घ्यावं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

तेव्हा आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. प्रत्येक काळा डाग वांग नसतो. दुकानदाराने हातात ठेवलेली बिननावाची ‘आयुर्वेदिक’ डबी घेऊ नका, अशा डब्यांत स्टेरॉइड निघालेली आहेत. आणि सनस्क्रीन घ्याल तर त्वचेच्या रंगाची, आयर्न ऑक्साइड असलेली घ्या. वांग अतिनील किरणांप्रमाणेच डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो आणि पांढरी साधी सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही.