माहेरच्या जमिनीचा हिस्सा आणि दिवाणी वकील: माझा अनुभव

"सातबाऱ्यावर नाव लावायला वकील कशाला? तलाठ्याकडं अर्ज दे," असं मला घरीदारी सगळे सांगत होते. माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं. 2003 साली वडील गेले आणि वारसाचा फेरफार एकट्या दादाच्या नावानं झाला. आईचंही नाव त्यात नव्हतं. पुढं रोडलगतचं शेत विकायला दादानं इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतल्याचं कळलं, तेव्हा मी दिवाणी वकील गाठला.

वकील मॅडमनी आधी एवढंच विचारलं, "भाऊ हिस्सा कबूल करतो का?" सगळे वारस राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारच वाटप करून देतात, त्याला वकिलाची गरज पडतेच असं नाही. पण एकानं जरी "तुझा हक्कच नाही" म्हटलं, की प्रश्न दिवाणी कोर्टाचा. फेरफार ही महसुलाची नोंद. तिच्यानं हक्क येत नाही आणि जातही नाही.

दादा म्हणत होता, जमीन वडिलोपार्जित, माझं लग्न 1991 चं, त्यामुळं वडिलांच्या वाट्यातला तुकडा तेवढा माझा. हिंदू वारसा कायद्यातल्या महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीत आधी लग्न झालेल्या मुली खरंच वगळल्या होत्या. पण 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. म्हणजे आई, दादा आणि मी, तिघांना तिसरा-तिसरा हिस्सा. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा वाटणीचा हुकूमनामा झालेला नको. मॅडमनी रजिस्ट्री ऑफिसात शोध घेतला, तसं काही निघालं नाही.

खरं काम मला दिसलं ते कागदांत. निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दूत होत्या, त्या एका वयस्कर कारकुनाकडून वाचून घेतल्या. खासरा पत्रकातला, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदवहीतला, एकेक सर्व्हे नंबर मॅडम पेन्सिलीनं टिक करत आजच्या गट नंबराशी लावत होत्या, तेव्हा ओढ्याकाठचा एक तुकडा सापडला, जो घरात कुणाच्या बोलण्यातही नव्हता. एक जरी गट सुटला तरी समोरचा 'अर्धवट वाटणीचा दावा' म्हणून हरकत घेतो. हे मला कुठून सुचलं असतं?

मग नोटीस गेली. उत्तर आलं नाही म्हणून वाटणी व स्वतंत्र ताब्याचा दावा टाकला, सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज. आई आणि घेणारा, दोघंही प्रतिवादी केले. खरेदीखत होण्याआधी मनाई मिळाली, हे फार मोलाचं. विकून झाल्यावर तिसऱ्या माणसाशी भांडण लागतं, म्हणून इसाराचा वास आला की लगेच जावं. पैशाची धास्ती बायकांना असते, त्यांच्यासाठी सांगते: मालमत्तेच्या वादात महाराष्ट्रात बाईला कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा समितीकडून वकीलही मोफत मिळतो, त्याला बाईच्या उत्पन्नाची अट नाही.

दादाची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आलं, तारखा पडल्या, आणि शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. घर आणि विहीर त्याच्याकडं, ओढ्याकाठचा तुकडा आईला. तडजोडीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही. सरसनिरस वाटपासाठी, म्हणजे जमिनीची प्रत बघून हिस्से पाडायला, कागद कलेक्टर ऑफिसमार्फत तहसीलला गेलेत, मोजणीची तारीख लागायची आहे. फी किती आणि कशाकशाची, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं होतं. तसं मागून घ्या.