प्रबंध कुठे सापडतात (आणि सर्च बॉक्सवर का विसंबू नये)

माझं शिक्षण बीकॉम, नोकरी महापेच्या एमआयडीसीत अकाउंट्समध्ये, पीएचडीशी माझा संबंध शून्य. तरी मी प्रबंध वाचते. ठाण्याला ट्रान्स हार्बर लोकलमध्ये खिडकी मिळाली की कोपरखैरणे येईपर्यंत फोनवर कुणाचा तरी थिसिस उघडलेला असतो. ऑफिसात यावरून चेष्टा होते, "मॅडम आता डॉक्टर होणार" वगैरे, पण तीच मंडळी मुलांचं प्रोजेक्ट आलं की हळूच विचारतात की ते पीडीएफ तुम्ही काढता कुठून. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक फॉरवर्ड केली की काम झालं.

सुरुवात अर्थात शोधगंगा. गांधीनगरला इन्फ्लिबनेट नावाचं यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, सेंटर आहे, ते ही साइट चालवतं. २००९ मध्ये यूजीसीने नियम केला की पीएचडीचा प्रबंध सॉफ्ट कॉपीतही जमा करायचा आणि तो सगळ्यांना बघायला मिळाला पाहिजे, तिथून हा साठा वाढत गेला आणि आता पाच लाखांच्या वर प्रबंध तिथे आहेत. फुकट. काही विद्यापीठांनी २००९ च्या आधीचे, पार टाइपरायटरच्या जमान्यातलेही स्कॅन करून टाकलेत आणि माझा जीव त्यांच्यातच जास्त रमतो. पान तिरकं, मधेच लायब्ररीचा गोल शिक्का, टाइप करताना राहिलेला शब्द वरून पेनाने घातलेला, आणि एखाद्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा.

आता बहुतेक लोक काय करतात, तर वरच्या चौकोनात दोन शब्द टाकतात, समोर एकतर काहीच येत नाही नाहीतर हजारो येतात, आणि मग "काही नाहीये तिथे" म्हणून बंद करतात. माझी भाची खारघरला असते, भूगोलात एमए करतेय, तिला ठाण्याच्या खाडीवर काहीतरी हवं होतं. "मावशी, कामाचं काहीच नाहीये गं," म्हणाली. मी म्हटलं, अगं बाई, तू खाडी शोधतेयस, पण झूलॉजीवाला माणूस प्रबंधाच्या नावात खाडी लिहीलच असं नाही, तो माशाचं नाव लिहितो, बॉटनीवाला झाडाचं लिहितो, आणि तेही आपण म्हणतो ते नाही. आपली तिवरं तिथे अ‍ॅव्हिसेनिया मरिना असतात. केमिस्ट्रीवाल्याच्या नावात हेवी मेटल्स, सेडिमेंट असलं काहीतरी. पक्ष्यांवरचं असेल तर फ्लेमिंगो, वेटलँड. समाजशास्त्रात गेलं की तीच खाडी कोळी समाजाच्या रोजगारात लपलेली, अर्थशास्त्रात भूसंपादनात. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या त्यांच्या मोबदल्याला आपण साडेबारा टक्के म्हणतो, १९८४ चं जासईचं आंदोलन म्हणतो, त्यांचे नेते दि. बा. पाटील म्हणतो, पण प्रबंधाच्या नावात येतं लँड अ‍ॅक्विझिशन, डिस्प्लेसमेंट, प्रोजेक्ट अफेक्टेड. म्हणजे जागा एकच पण प्रत्येक डिपार्टमेंटचं बारसं वेगळं, आणि ते कळल्याशिवाय सर्च बॉक्सचा काडीचा उपयोग नाही.

दुसरी भानगड जुन्या नावांची. ठाण्याचं इंग्रजी स्पेलिंग आज शेवटी ई लावून करतात, जुन्या प्रबंधांत शेवटी ए असतो, म्हणजे थाना. नवी मुंबई ही बऱ्याच ठिकाणी न्यू बॉम्बे. मुंबई विद्यापीठ १९९६ पर्यंत बॉम्बेच होतं, त्यामुळे परदेशी डेटाबेसमध्ये मुंबई टाकून जुनं शोधायला गेलात तर विद्यापीठच सापडणार नाही. रायगडचंही तेच, १९८१ पर्यंत तो कुलाबा जिल्हा होता, आणि पनवेल-उरणवरचं जुनं लिखाण शोधायचं तर कुलाबा टाकल्याशिवाय हाती लागत नाही (दक्षिण मुंबईतला कुलाबाही भरपूर येतो सोबत, तो बाजूला काढायचा).

म्हणून मी सर्च सहसा करतच नाही, ब्राउझ करते. शोधगंगेत विद्यापीठ निवडायचं, मग डिपार्टमेंट, आणि नावांची यादी वरपासून खालपर्यंत नुसती वाचत जायची. कंटाळवाणं वाटेल पण तुम्हाला माहीतच नसलेला शब्द सापडतो तो असाच. कामाचा एक प्रबंध मिळाला की त्याच्या गाईडचं नाव बघायचं आणि त्या नावावर क्लिक करायचं. एका गाईडचे विद्यार्थी म्हणजे एकाच चक्कीचं दळण, एकाच विषयाच्या आजूबाजूला वर्षानुवर्षं पाच-सात जण काम करत असतात, एक मिळाला की बाकीचे मागोमाग येतात. भाचीला हे दाखवलं तर संध्याकाळपर्यंत तिने इतके पीडीएफ उतरवले की आता वाचणार कधी हा वेगळा प्रश्न.

उतरवायचं कसं तेही सांगते, कारण पहिल्यांदा सगळेच गोंधळतात. प्रबंध एका फाईलमध्ये नसतो, तुकड्यातुकड्यात असतो. पहिली फाईल नावाच्या पानाची, मग सर्टिफिकेट, डिक्लरेशन, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, मग एकेक चॅप्टर वेगळा, शेवटी संदर्भसूची आणि परिशिष्टं. बऱ्याच ठिकाणी ८० नंबरची रेकमेंडेशन नावाची एक फाईल असते, तिच्यात नावाचं पान आणि शेवटचा निष्कर्षाचा भाग एकत्र असतो, ती आधी उघडायची, पाच मिनिटांत कळतं की पुढे वाचायचं की नाही. मी मग सरळ परिशिष्टावर जाते. प्रश्नावली, मुलाखतींचे तक्ते, गावांच्या याद्या, जुने नकाशे, कुणीतरी स्वतः जाऊन गोळा केलेला माल सगळा तिथे असतो. पहिला चॅप्टर मात्र खुशाल सोडा. संशोधनाची व्याख्या, उद्दिष्टं, गृहीतकं, मर्यादा, सगळीकडे तेच ते. ऋणनिर्देश मात्र सोडू नका, कुणाच्या घरी जुनी कागदपत्रं आहेत, कुठल्या संस्थेच्या कपाटात काय पडलंय, हे तिथे आभार मानता मानता सांगून टाकलेलं असतं.

मराठी प्रबंधांची तऱ्हा आणखी निराळी. नाव देवनागरीत टाइप करून मिळालं तर नशीब, बरीच नावं रोमनमध्ये ज्याला जसं सुचलं तसं लिहिलेली, एका ठिकाणी ए एकदा तर दुसऱ्या ठिकाणी दोनदा. दोन्ही-तिन्ही प्रकारे टाकून बघावं लागतं. त्यात आतला मजकूर युनिकोडमध्ये असेलच असं नाही, डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फॉन्टात केलेला असतो. डोळ्यांना अस्सल मराठी दिसतं पण त्यातली ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट केली की रोमन अक्षरं, त्यांच्यावर टोप्या आणि टिंबं, मधेमधे पाउंडचं चिन्ह. म्हणजे गुगललाही आत तेच दिसतं. आगरी बोलीवर कुणी कितीही सुंदर काम केलेलं असो, त्यातला शब्द सर्च करून तो प्रबंध सापडायचा नाही. मराठी विभागाच्या यादीत जाऊन हातानेच शोधायचा.

शेतीचं मात्र शोधगंगेत हुडकत बसू नका, त्याचं घर वेगळं आहे, कृषिकोश. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ते उभं राहिलं आणि देशातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध त्यात येतात, आणि मोठा फायदा म्हणजे एमएस्सीचेसुद्धा, शोधगंगेचा भर पीएचडीवर असतो ना. आमच्या सासूबाई मूळच्या घणसोलीच्या, त्या खाऱ्या जमिनीतल्या भाताबद्दल, बांध फुटून पाणी आत आल्याबद्दल सांगायच्या तेव्हा मी हूं हूं करायचे. मग कृषिकोशात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं काम चाळताना कळलं की पनवेलला खास खारजमीन संशोधन केंद्र आहे, पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ अशा भाताच्या जाती तिथून आल्यात. मॉल आणि टॉवर बघून पनवेल म्हणजे भाताचं नाव असेल हे कुणाला खरं वाटेल?

आता परदेशातलं. अमेरिकेत हे काम मायक्रोफिल्मपासून सुरू आहे, १९३८ मध्ये युजीन पॉवर नावाच्या माणसाने मिशिगनमध्ये कंपनी काढून प्रबंधांची फिल्म करून विकायला सुरुवात केली, तीच पुढे प्रोक्वेस्ट झाली. साठा प्रचंड पण पैसे लागतात, तुमच्या विद्यापीठाने वर्गणी भरली असेल तर लायब्ररीत बसून फुकट. उलट व्हर्जिनिया टेकने १९९७ पासून विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक प्रबंध देणं सक्तीचं केलं आणि त्या मंडळींच्या पुढाकाराने एनडीएलटीडी ही जगभरच्या विद्यापीठांची जोडणी झाली, तिथे शोध फुकट. ओएटीडी नावाची साइट तर मी सगळ्यात आधी उघडते, फक्त मोकळे मिळणारे प्रबंध दाखवते, उगाच जीव टांगणीला लावत नाही. युरोपसाठी डार्ट युरोप, फ्रान्ससाठी थीझ डॉट एफआर, ऑस्ट्रेलियासाठी ट्रोव्ह. इंग्लंडचं ईथॉस झकास होतं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तेही बसलं, तेव्हापासून मी थेट त्या त्या विद्यापीठाच्या साठ्यात जायची सवय लावून घेतली. तिकडे गेलात तर पानाची मांडणी ओळखीची वाटेल, कारण बरेच जण डीस्पेस हे सॉफ्टवेअर वापरतात, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने आणि एचपी कंपनीने २००२ मध्ये काढलेलं, आपली शोधगंगाही त्यावरच उभी आहे.

एमआयटीवरून आठवलं. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज ज्यांनी केलं, नवी मुंबईच्या कल्पनेमागे जे होते, त्या चार्ल्स कोरिया यांनी १९५५ मध्ये तिथे मास्टर्सचा थिसिस म्हणून चक्क एक अ‍ॅनिमेशन फिल्म केली होती, शेजार-वस्तीतल्या लोकांनी आपला परिसर स्वतः कसा सुधारावा यावर. थिसिस म्हणजे काळ्या रेक्झिनचा सोनेरी अक्षरांचा ठोकळा असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे मुद्दाम सांगते.

आपल्या लोकांचे जुने प्रबंध शोधायला आणखी मजा येते. ज्ञानकोशकार केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात होते, त्यांचं जातिसंस्थेच्या इतिहासावरचं काम १९०९ मध्ये तिकडेच छापलं गेलं, ते इंटरनेट आर्काइव्हवर मिळतं. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा लंडनचा प्रबंध आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा कोलंबियाचा, दोन्ही महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात आहेत आणि त्याचं पीडीएफ परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर आहे, उगाच कुठे पैसे भरू नका. इरावती कर्व्यांनी बर्लिनला कवटीच्या असममितीवर, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावर, काम केलं आणि गाईडची वंशश्रेष्ठत्वाची थिअरी आपल्या मोजमापात बसत नाही असा निष्कर्ष त्याच गाईडसमोर मांडला, केवढी हिंमत, पण ते सगळं जर्मनमध्ये, इंग्रजी शब्द टाकून सापडणार नाही. अमेरिकेतून येऊन महाराष्ट्राचा अभ्यास केलेल्या दोघी, एलिनॉर झेलियट यांचा १९६९ चा पेनसिल्व्हेनियाचा आणि गेल ऑम्व्हेट यांचा १९७३ चा बर्कलीचा प्रबंध नंतर पुस्तकरूपाने आले, त्यामुळे प्रबंध अडला तर पुस्तक शोधायचं, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून बघायला काय जातं, १८९३ पासूनची लायब्ररी आहे.

एमए-पीएचडीवाल्या पोरांना एक दम मात्र देते. शोधगंगेतून उचलून आपल्यात चिकटवायचे दिवस गेले. २०१८ च्या यूजीसीच्या नियमात दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्याच्यावर शिक्षेच्या पायऱ्या सुरू होतात, आणि २०१९ पासून शोधशुद्धी योजनेत विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअरच मिळालंय. ज्याच्यातून तुम्ही उचलणार तो प्रबंध त्या मशीनने तुमच्या आधी वाचलेला असतो.

आणि नेटवर नाहीच मिळाला तर? विषय नुसता रजिस्टर झालेला असेल तर शोधगंगोत्री नावाच्या जोडसाइटवर त्याचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, बघा. पूर्ण झालेला असूनही नसेल तर विद्यापीठाच्या लायब्ररीत छापील प्रत असतेच, पण काउंटरवर तयारीने जा. एका ठिकाणी मला "पत्र आणा" म्हणाले, कुणाचं आणि कशासाठी ते सांगायला मात्र कुणी तयार नव्हतं, अर्धी रजा वाया. आता मी आधी फोन करते, बाहेरच्याला वाचायला देतात का, फोटो काढू देतात का, किती पानांची झेरॉक्स मिळते, एवढं विचारते आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून घेते. आणि सगळ्यात सोपा उपाय लोक शेवटी करतात, तो आधी करा: ज्यांनी प्रबंध लिहिलाय त्यांना मेल टाका. आज कुठल्यातरी कॉलेजात शिकवत असतात, कॉलेजच्या साइटवर मेल असतो. चार-पाच वर्षं राबून लिहिलेलं गाईड आणि परीक्षक सोडून कुणी वाचलेलं नसतं हो, खूश होऊन अख्खं पीडीएफ पाठवतात, वर फोन नंबर देऊन म्हणतात काही अडलं तर विचारा.