आमची वाटचाल: खाणीच्या प्रयोगशाळेतून रोपांच्या ट्रेपर्यंत

आमच्या रोपवाटिकेत सगळ्यात मोलाची वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी लेट्यूसचं एक रोप हातात देते. बोटभर उंच, तीन-चार खरी पानं आणि कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या चोथ्याच्या, ठोकळ्याखालून डोकावणारी पांढरी मुळं. पाइपांचे स्टँड, पंप, खताच्या बाटल्या हेही आमच्याकडे मिळतं. पण घरच्या गच्चीवरची मातीविना, खताच्या पाण्यावरची शेती टिकते की महिन्याभरात गुंडाळली जाते, हे त्या रोपाला पहिल्या पंधरवड्यात पाणी कसं मिळालं आणि ते कुंडीत कसं बसवलं यावर ठरतं, अशी माझी पक्की खात्री आहे. आमचा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका खाण कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. खनिजाचे नमुने तपासायचे, खाणीतून उपसलेल्या पाण्याचा पीएच बघायचा, त्यातले क्षार मोजायचे. सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारनं खाणकाम थांबवलं, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा मनाईचा आदेश आला आणि आमच्या घरचा खनिज वाहणारा ट्रक दारात उभा राहिला. मधे काम थोडं सुरू झालं. मग फेब्रुवारी २०१८मध्ये न्यायालयानं ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प झालं. डिचोली, साखळी, सत्तरीतल्या किती घरांचा हिशेब त्या दोन वेळांना कोलमडला, ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्या खेपेला आम्ही दोघांनी ठरवलं की आता खाण सुरू होण्याची वाट बघत बसायचं नाही.

घरात दोन गोष्टी होत्या. माझ्याकडे पाणी मोजण्याची विद्या, आणि सासूबाईंकडे रोपं करण्याचा हात. सासूबाई वर्षानुवर्षं मळ्यात मिरची-वांग्याची रोपं करून बाजारात विकायच्या. त्यांची वाफ्याला पाणी घालायची रीत मी तेव्हा नीट बघितली. भोकं पाडलेल्या करवंटीतून पाणी ठिबकायचं, तेही रोपावर नाही, दोन ओळींच्या मधे. "रोपाला पाणी देऊ नकोस, मातीला दे," असं त्या सांगायच्या. रोपं उपटायच्या दोन दिवस आधी त्या पाणी कमी करायच्या आणि उपटायच्या आदल्या संध्याकाळी भरपूर द्यायच्या. लावणी कायम तिन्हीसांजेला. पुढे जेव्हा आम्ही पाण्यावरची शेती शिकलो तेव्हा तिच्यातले अर्धे नियम हेच निघाले.

मातीविना शेती हे विदेशी फॅड आहे असं पुष्कळांना वाटतं. त्यांना मी शोल्टो डग्लस यांचं उदाहरण देते. १९४६च्या सुमारास त्यांनी बंगालमधल्या कालिंपाँग भागात तिचे प्रयोग केले. वीज नाही, महाग यंत्रं नाहीत, साधे वाफे आणि हातानं द्यायची खतं, अशी भारतातल्या घरांना परवडेल अशी पद्धत त्यांनी बसवली. पंप नसलेली दुसरी सोपी पद्धत हवाई विद्यापीठाचे बर्नार्ड क्रॅटकी यांची. डबा, झाकण, खताचं पाणी, बस. वीज जाण्याची सवय असलेल्या आपल्या गावांना तीच सोयीची, म्हणून नव्या माणसाला आम्ही तिच्यापासून सुरुवात करायला सांगतो.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि बेळगावहून येणारी भाजी अडली. गोव्याची चूल बेळगावच्या भाजीवर किती अवलंबून आहे ते त्या दिवसांत घराघरांत कळलं. पणजी, पर्वरी, ताळगावच्या फ्लॅटमधली माणसं बाहेरून किट मागवू लागली. किटमध्ये पाइप चांगले असायचे, पंप चांगला असायचा, सोबत बियांची पुडी आणि स्पंजचे तुकडे. त्या स्पंजमध्ये बी टाकून त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी ओतलं जायचं आणि आठवड्यात रोप बुडाशी वितळून आडवं पडायचं. लोक आमच्याकडे खत बदलून मागायला यायचे. मी रोप हातात घेऊन बघायची. खताचा प्रश्न नसायचाच, तिथवर रोप पोचलेलंच नसायचं. तेव्हापासून आम्ही तयार रोपं विकायला लागलो आणि विकत घेणाऱ्याला पाणी द्यायला शिकवणं हा त्या विक्रीचाच भाग केला. शिकवण्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

आता मुख्य विषय.

आम्ही कोकोपीट वापरतो. किनाऱ्यावरच्या काथ्याचा चोथा बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांचा असतो, त्यात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर. म्हणून आधी साध्या पाण्यात धुवायचा, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवायचा, पुन्हा धुवायचा आणि निथळलेल्या पाण्याचा ईसी, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, मोजायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पानांच्या कडा करपतात आणि माणूस भलतीकडेच कारण शोधत राहतो. रॉकवुल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर, वापरायचं असेल तर ते मुळात अल्कधर्मी असतं, साडेपाच पीएचच्या पाण्यात भिजवल्याशिवाय त्यात बी टाकू नये.

बी उगवेपर्यंत फक्त साधं पाणी. बियांच्या आत तेवढी शिदोरी असते. लेट्यूसच्या बीला १८ ते २१ अंश आवडतात, तिशीच्या पुढे ते झोपूनच राहतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या शेडमध्ये ते उगवत नाही, म्हणून पेरलेले ट्रे पहिले एक-दोन दिवस घरातल्या गार खोलीत ठेवतो. बी खोल पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो. वरून फवाऱ्यानं धुकं मारायचं, धार नाही.

कोंब वर आला की वरचं पाणी बंद. ट्रेच्या तळाशी बोटाच्या पेराएवढं पाणी ओतायचं, ठोकळ्यांनी ते पिऊन घ्यायचं, अर्ध्या तासानं उरलेलं ओतून टाकायचं. ट्रे सतत पाण्यात उभा राहिला तर मुळांना हवा मिळत नाही, पिथियम नावाची बुरशी खोडाच्या बुंध्याशी लागते आणि रोप रातोरात कोसळतं. पुन्हा पाणी केव्हा द्यायचं, याचं उत्तर घड्याळात नाही. ट्रे उचलून बघायचा. भरलेल्या ट्रेचं वजन हाताला लक्षात राहतं, तो हलका लागला की द्यायचं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका एका हातानं ट्रे उचलून सांगतात, मीटर लागत नाही.

पहिली दोन पानं ही बियांतली पानं असतात, ती खरी नव्हेत. त्यांच्या मधून खरं पान दिसलं की खत सुरू, तेही ईसी ०.८ ते १.० इतकं पातळ. पीएच साडेपाच ते साडेसहाच्या मधे. खत ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत का, हा प्रश्न रोज येतो. कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट दाट अवस्थेत एकत्र आले तर पांढरा गाळ बसतो, तो झाडाच्या काही उपयोगाचा नाही. म्हणून आधी पाणी, त्यात ‘ए’ बाटलीतलं खत, ढवळायचं, मग ‘बी’ बाटलीतलं.

पाणी कुठलं, हेही बघावं लागतं. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि थोडं आम्लधर्मी असतं, ते आमच्या कामाला उत्तम. पणजीच्या नळाचं पाणी ओप्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तेव्हा उघड्या बादलीत रात्रभर ठेवून वापरावं. समुद्राजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. खत घालण्याआधीच ईसी ०.५च्या वर दिसला तर कोवळ्या रोपांना ते पाणी देऊ नका, पावसाचं साठवलेलं द्या. बादली उघडी ठेवायची ती एक रात्र, त्याहून जास्त नाही. डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची मजल आठ-दहा दिवसांत पुरी होते, आणि डेंग्यू आपल्याकडे दर पावसाळ्यात असतो. खताची टाकी तर कायम झाकलेलीच हवी. झाकणानं शेवाळही अडतं.

लावणीबद्दल मी जरा हट्टी आहे. दुपारी रोप बसवू नका. संध्याकाळी बसवलं की रात्रभर त्याला सावरायला मिळतं. रोप धरायचं ते पानाला किंवा ठोकळ्याला, खोडाला नाही. पान फाटलं तर दुसरं येईल, कोवळं खोड दाबलं गेलं की संपलं. ठोकळा नेट पॉटच्या, म्हणजे जाळीदार कुंडीच्या, बुडाला टेकला पाहिजे, मुळं लांब असतील तर ओल्या बोटांनी हळूच खाचेतून खाली सोडायची, बाजूनं धुतलेले क्ले बॉल, म्हणजे भाजलेल्या मातीच्या गोळ्या, भरायचे. मातीतली रोपं आणून मुळं धुऊन लावणारे बरेच आहेत. धुताना बारीक केसमुळं तुटतात, पाणी पिण्याचं काम तीच करतात. म्हणून मातीतलं रोप पाण्यावर नेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते, मग ते आमच्याकडून घेतलेलं नसलं तरी.

डब्याच्या पद्धतीत पाण्याची पातळी नेट पॉटच्या बुडाला जेमतेम शिवेल एवढी ठेवायची. मुळं पाच-सहा सेंटिमीटर खाली लोंबली की पातळी आपसूक उतरते, तिला उतरू द्या. वर उघडी पडलेली मुळं हवा घेतात. डबा रिकामा दिसतो म्हणून पुन्हा काठोकाठ भरला की तीच मुळं गुदमरतात. वाहत्या पाण्याच्या पाइपात उलटा धोका असतो. पाण्याचा थर पातळ, ठोकळा त्याला टेकला नाही तर रोप पाण्याशेजारी बसून सुकतं. मुळं खाली पोचेपर्यंत पहिले दोन-तीन दिवस वाटीभर पाणी वरून हातानं द्या.

टाकीतलं पाणी पहिला आठवडा पातळच, ईसी १च्या आसपास. नंतर लेट्यूसला हळूहळू १.२ ते १.८. पहिल्या दुपारी पानं मलूल होतील, घाबरून खत वाढवू नका. सूर्य कलल्यावर ती उभी राहिली तर सगळं ठीक आहे. दोन दिवस कापडाची सावली पुरे.

गोव्याच्या हवेत दोन महिने कठीण आणि चार महिने निराळे. मेमध्ये गच्चीवरची टाकी तापते. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसात. मुळांना हवेची गरज वाढते तेव्हाच हवा कमी पडते. टाकी सावलीत घ्या, पांढरा रंग द्या, एअर पंप लावा, आणि खरं सांगायचं तर मेमध्ये लेट्यूस लावूच नका. त्या दिवसांत झाड खतापेक्षा पाणी जास्त पितं, ईसी चढतो, तेव्हा भर साध्या पाण्याची घालायची. पावसात उलट: उघड्या पाइपात पाऊस शिरून खत पातळ होतं, ढगांमुळे रोपं उजेडासाठी माना लांब करतात, आणि दमट हवेत पानांतून पाणी उडत नसल्यानं कॅल्शियम टोकापर्यंत पोचत नाही, आतल्या पानांच्या कडा काळ्या पडतात. तिथे खत नाही, पंखा लागतो. आमच्या शेडमध्ये जून ते सप्टेंबर पंखे आणि एलईडी दिवे चालतात. वीजबिल वाढतं, पण रोपं जाडजूड राहतात.

धंद्याचं थोडक्यात सांगते. ट्रकच्या जागी छोटी गाडी आली, तिच्यातून यजमान पणजी ते मडगाव फेरी करतात. शेजारच्या चार घरच्या बायका आमच्याकडे आहेत, पेरणी आणि निवड सगळी त्यांच्या हाती. पिवळं, लांबट किंवा मुळं तपकिरी झालेलं रोप त्या बाजूला काढतात, ते विकलं जात नाही. हॉटेलांकडून मोठ्या मागण्या आल्या, काही घेतल्या, पण घरगुती गिऱ्हाईक सोडायचं नाही असं आमचं ठरलेलं आहे.

लेट्यूस आणि बेझिल यांच्यावर मात्र मला थांबायचं नव्हतं. गोव्याच्या माणसाला ताटात तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, लागते. ती आम्ही आता ठोकळ्यात चिमूटभर बी एकत्र टाकून करतो, विरळणी नाही. पालेभाजी असल्यानं गुच्छाच्या गुच्छ पाण्यावर बसवता येतो आणि वरून कापून पुन्हा फुटवा घेता येतो. सध्या सासूबाई आणि मी हरमल गावच्या मिरचीमागे लागलो आहोत. मिरचीचं रोप लेट्यूसपेक्षा बरंच सावकाश, लावणीला पाच-सहा आठवडे घेतं, आणि फळावर आल्यावर तिला ईसी दोनच्या वर चालतो. बी सासूबाईंनी राखून ठेवलेलं आहे. ठोकळ्यात ते नीट उगवतं, फुलं धरतात. बादलीत वाढलेल्या मिरचीचा तिखटपणा मळ्यातल्यासारखा उतरतो का, ते त्या स्वतः चाखून सांगतील, आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय ही रोपं विकायला ठेवणार नाही.

रोपं न्यायला येणाऱ्यांनी चारनंतर यावं. सोबत उथळ खोका आणा, पिशवी नको. गाडीच्या बंद डिकीत ठेवू नका, पायाशी सावलीत ठेवा, आणि घरी टाकीतलं पाणी आदल्या दिवशीच तयार करून ठेवा, म्हणजे पोचल्या पोचल्या लावता येईल.